रव्याला एसी

घर गार कसं करायचं हा विषय पुरुषांचा आणि त्या घरात स्वयंपाक कसा करायचा हा बायकांचा, ही वाटणी कुणी आणि कधी केली मला ठाऊक नाही. आमच्याकडे ती झालेली होती एवढं खरं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही दुबईत, अल मनखूलमध्ये, एक जुना बैठा व्हिला भाड्याने घेतला आणि नवऱ्याने जाहीर केलं की खिडकीतल्या एसींची खडखड आता पुरे, आता सेंट्रल एसी. त्या सेंट्रल एसीवरून मी जेवढी चिडले तेवढी दुसऱ्या कशावरून चिडले नसेन. आता तो व्हिलाही नाही, तिथे इमारत उभी राहिली, पण माझा राग शाबूत आहे.

आमचा धंदा खाण्यापिण्याच्या मालाचा. लायसन्सवर ‘फूडस्टफ ट्रेडिंग’ असं भारदस्त नाव होतं, पण त्याची सुरुवात माझ्या ओट्यावर झाली. लग्न होऊन आले तेव्हा नवरा दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला होता. मी घरी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करायची, दिवाळीला चकल्या-लाडू करायची आणि तो ते संध्याकाळी ओळखीच्या मराठी घरांत पोचवायचा. त्यातून दुकान झालं, दुकानामागे गोडाऊन झालं, गोडाऊनमध्ये गव्हाचा, रव्याचा, डाळींचा माल आला. मसाले आणि लाडू मात्र माझ्याच स्वयंपाकघरात होत राहिले. हे सगळं आधी सांगते, म्हणजे पुढे कुणी ‘एवढं काय त्यात’ असं म्हणणार नाही.

व्हिला भक्कम होता. आधीच्या भाडेकरूने प्रत्येक खोलीच्या भिंतीत एकेक विंडो एसी बसवून ठेवला होता. ते सगळे म्हातारे झाले होते, चालू केले की टीव्हीचा आवाज वाढवावा लागे आणि बंद केले की घरात घाम. स्वयंपाकघरातही एक होता. पिवळा पडलेला, एक कान तुटलेला, पण इमानी. ओट्याशी उभं राहिलं की त्याचा गार झोत बरोबर मानेवर येई. भर जुलैत मी त्याच्या जिवावर लाडवांचं बेसन भाजलेलं आहे.

घरमालक एक वयस्कर अरब होता. नवरा परवानगी मागायला गेला तर त्याने पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. ‘यल्ला, करो करो’ म्हणाला. झालं. दर शुक्रवारी आमच्याकडे सल्लागारांचा दरबार भरू लागला. शुक्रवार सुट्टीचा, त्यामुळे सगळे मोकळे. इथल्या मराठी मंडळातले मित्र यायचे, सोफ्यावर बसायचे, छताकडे बघायचे आणि टनांवर बोलायचे. हॉलला किती टन, बेडरूमला किती टन. बँकेत नोकरी करणारा एकजण कॉम्प्रेसरवर असा बोलायचा की जन्मभर त्याने दुसरं काही केलंच नसावं. त्यांचे टन चालू असताना मी आत कांदेपोहे करत असे आणि मुलगी डिश नेऊन देत असे. या दरबाराला मला कुणी बोलावलं नाही. मीही आधी गेले नाही, मला वाटलं यात न समजण्यासारखं काय आहे, गारवा घरभर येणार म्हणजे घरभर येणार.

एका कंपनीचा मल्याळी इंजिनिअर मात्र आडवारी दुपारी आला. नवरा दुकानात होता. त्याने सगळ्या खोल्या मापल्या आणि मग तो थेट स्वयंपाकघरात आला. शेगड्या पाहिल्या, खिडकी पाहिली, भल्या मोठ्या कढईकडे पाहून मला विचारलं,

“मॅडम, कुकिंग कितना टाइम चलता है?”

“सकाळी उठल्यापासून,” मी म्हटलं आणि मग हिंदीत सांगितलं, “पूरा दिन. बिझनेस का भी यहीं होता है.”

त्याने मान हलवली. “तो इधर सप्लाय का ग्रिल अच्छा बडा देगा. रिटर्न इधर नहीं देगा. रिटर्न मतलब मशीन घर का हवा वापस खींचता है ना, वो जाली. वो हॉल में. और इधर बडा एक्झॉस्ट फॅन. स्मेल सब बाहर जाएगा, मॅडम, टेन्शन नहीं.”

मला ते चटकन समजलं. गार हवा आत येणार, वास पंख्याने बाहेर जाणार, आणि मशीन हवा परत घेणार ती हॉलमधून, म्हणजे फोडणीचा तिच्याशी संबंधच नाही. शाळेतल्या मुलीलाही कळावं इतकं ते सरळ होतं. मी त्याला ताक दिलं आणि मनात म्हटलं, हा माणूस काम करणार.

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला सांगितलं. त्याने कंपनीचा आकडा आधी दिरहॅममध्ये वाचला, मग रुपयांत केला, तेही मोठ्याने, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की जणू तो आकडा मीच लावला होता.

“एवढ्यात सांगलीला वन रूम किचन येईल,” तो म्हणाला. “आणि तसंही, आपला माणूस असताना बाहेरच्याला कशाला?”

आपला माणूस म्हणजे मंडळातला एक कंत्राटदार. साताऱ्याकडचा, सगळे त्याला दादा म्हणत, गणपतीच्या कमिटीवर नवऱ्याबरोबर असायचा. एसीची, प्लंबिंगची, रंगाची, मिळतील ती कामं घ्यायचा. स्वभावाने वाईट नव्हता, मोठ्याने हसायचा, सगळ्यांना सगळ्याला हो म्हणायचा. त्याला काम द्यायचं ठरलं ते त्याचं काम चांगलं म्हणून नव्हे. त्याला न देता दुसऱ्याला दिलं तर मंडळात तोंड कसं दाखवायचं, म्हणून. त्याने कुठे काय बसवलंय ते बघायला जाऊ, असं मी म्हटलं तर नवऱ्याने मलाच गप्प केलं.

“अगं, आपल्या माणसाची अशी तपासणी करतात का? त्याला काय वाटेल?”

भीड भिकेची बहीण, असं माझे वडील म्हणायचे. आपल्या लोकांना परक्याशी भाव करायला, भांडायला काही वाटत नाही, पण घरचा म्हटला की जीभ टाळ्याला चिकटते. त्याच्याकडून घ्यायचं, त्याला विचारायचं नाही, आणि मग जन्मभर घरात बसून त्याला नावं ठेवायची. मी हे बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, “तू फार टोकाचं बोलतेस.”

पुढच्या शुक्रवारी आपला माणूस हातात खडू घेऊन आला. काठीला खडू बांधून तो छतावर जिथे गार हवेचं ग्रिल यायचं तिथे फुल्या मारत फिरू लागला. मागे नवरा, त्याच्या मागे बँकवाला, आणि सगळ्यांच्या मागे मी. हॉलमध्ये फुल्याच फुल्या. बेडरूममध्ये, सासूबाईंच्या खोलीत, मुलीच्या खोलीत एकेक. देवघराच्या कोनाड्यापाशी एक, देवांना उकडायला नको. पॅसेजमध्ये एक. पॅसेजमध्ये! ज्यातून माणूस फक्त चालत जातो. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तो आला, आत डोकावला, “वा, सुगंध सुटलाय,” म्हणाला आणि तसाच मागे फिरला.

“आत फुली राहिली,” मी म्हटलं.

“किचनला डक्ट देत नाहीत, वहिनी.”

“का?”

“फोडणीचा वास सगळ्या घरात फिरेल. डक्टमध्ये एकदा वास बसला की खलास. गेस्ट आले, बेडरूममध्ये लसणीचा वास. बरं दिसेल का?”

मी मल्याळी इंजिनिअरने सांगितलेलं सगळं सांगितलं. सप्लाय, रिटर्न, एक्झॉस्ट. कंत्राटदाराने ते हसून ऐकलं, लहान मुलाने पाढे म्हटल्यावर ऐकतात तसं, आणि नवऱ्याला म्हणाला, “वहिनींनी बरीच स्टडी केलीय.” बँकवालाही हसला. नवरा हसला नाही, पण त्याने काही म्हटलंही नाही. मला त्याचं न हसणं जास्त लागलं, कारण त्याला पटलं होतं हे मला दिसत होतं आणि तो भिडेपायी गप्प होता.

त्यात भर सासूबाईंची. त्या मामंजी गेल्यानंतर सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या पॅसेजच्या तोंडाशी उभ्या होत्या. “स्वयंपाकघरात कसला वारा,” त्या म्हणाल्या. “गॅस विझेल. आणि पोळ्या वाळून कडक होतील. चुलीपाशी ऊब असायचीच.” झालं, ठराव सर्वानुमते मंजूर.

“मग तो जुना विंडो एसी तरी राहू दे,” मी म्हटलं. “मला तो पुरतो.”

यावर मात्र नवराच बोलला. “सेंट्रल एसी केलाय आणि भिंतीला विंडो एसी लोंबतोय, कसं दिसेल? मागून येणारे लोक काय म्हणतील?” मागून म्हणजे गल्लीतून. आमच्या स्वयंपाकघराची भिंत मागच्या गल्लीवर होती आणि तिथून कचऱ्याची गाडी आणि मांजरं एवढीच ये-जा करत. त्यांच्यासाठी आमच्या घराची शोभा राखायची होती.

काम जूनमध्ये सुरू झालं. डक्टच्या पत्र्याच्या चौकोनी नळ्या अंगणात जोडायच्या, त्यांना काचेच्या लोकरीसारखं काहीतरी गुंडाळायचं, वरून चंदेरी कागद, आणि त्या छताखाली टांगून खालून फॉल्स सीलिंग मारायचं. कामगार सोनापूरच्या लेबर कॅम्पमधून पहाटे गाडीने यायचे. खोल्यांतले विंडो एसी सगळे काढलेले, नवं मशीन अजून चालू नाही, आणि ती माणसं छताला चिकटून दिवसभर हातोडे मारायची. त्यांच्या अंगाला ती लोकर टोचायची. त्यांच्याविषयी कुणी टनांची चर्चा केली नाही, तेही इथे लिहून ठेवते. मी त्यांचं जेवण घरीच करायची. त्यांच्यातला फोरमन रत्नागिरीकडचा होता. त्याला मी एकदा बाजूला घेऊन विचारलं, पॅसेजचा डक्ट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच जातो, त्याला एक फाटा काढता येईल का.

“निघेल की, वहिनी. कठीण नाही,” तो म्हणाला. “पण साहेबांना विचारा. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये नाही ते मी केलं तर उद्या मला परत पाठवतील.”

त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याच्या पोटाचा प्रश्न होता. मी परत नवऱ्याला म्हटलं. नवरा म्हणाला, “आता ड्रॉइंग फायनल झालंय. दादांना पुन्हा पुन्हा काय सांगणार?”

मग त्यांनी माझा पिवळा एसीही काढला. भिंतीला पडलेलं भोक विटांनी बुजवलं, प्लास्टर केलं, रंग दिला. मी म्हटलं, निदान कुणा गरजूला द्या. त्यावर नवरा खुशीत म्हणाला, “देतोय कुठे? गोडाऊनला लावला. रव्याला टोके व्हायला लागले होते. आता टेम्परेचर एकदम कंट्रोलमध्ये.”

मी दोन-तीनदा ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. माझ्या स्वयंपाकघरातला एसी रव्याला लावला. रव्यात किडे होऊ नयेत म्हणून. तो रवा भाजणाऱ्या बाईला काय व्हायचं ते होवो. मला वाटलं होतं, मी निदान ओरडेन तरी. पण मी बेसनाचा डबा कपाटातून काढला आणि पुन्हा कपाटात ठेवला.

मशीन चालू झालं त्या दिवशी सत्यनारायण. कंत्राटदाराने थर्मोस्टॅटच्या डबीला हळदकुंकू लावलं, गच्चीवरच्या युनिटसमोर नारळ फोडला. हॉलमध्ये पाहुणे मावत नव्हते. गारवा असा सुरेख पडला होता की बायकांनी पदर खांद्यांवरून ओढून घेतले. प्रत्येकजण वर बघून “वा” म्हणत होता. मी आत प्रसादाचा शिरा भाजत होते. रव्याचं पोतं सकाळीच गोडाऊनमधून आलेलं, त्यात हात घातला तर रवा गार लागला. माझ्या कपाळावरून घाम कढईत पडू नये म्हणून मी डोक्याला रुमाल बांधला होता आणि रवा हाताला गार लागत होता.

स्वयंपाकघराच्या दाराला कंत्राटदाराने आपणहून एक स्प्रिंग लावली होती. दार उघडलं की आपोआप बंद. “गारवा लीक होता कामा नये, वहिनी,” तो म्हणाला होता. म्हणजे पूर्वी हॉलचा थोडाफार गारवा उघड्या दारातून माझ्यापर्यंत यायचा, तोही बंद. सेंट्रल एसी होण्याआधी माझ्याकडे एक एसी आणि एक उघडं दार होतं. झाल्यावर दोन्ही गेली. आणि ऊद, धूप, उदबत्त्या यांचा धूर हॉलमधल्या रिटर्नच्या जाळीतून आरामात वर चढला आणि खोल्याखोल्यांतून उतरला. मुलीची गादीसुद्धा धुपाने भरली. त्याबद्दल कुणी नाक मुरडलं नाही. सगळे म्हणाले, घर कसं प्रसन्न झालंय.

ऑगस्टमध्ये माझ्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. पोळ्या करताना पंखा लावता येत नव्हता, ज्योत फडफडायची. दिवाळीच्या ऑर्डरी अजून यायच्या होत्या, पण मसाल्यांच्या चालू होत्या. एका दुपारी धणे भाजताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मी गॅस बंद केला, फ्रिजचं दार उघडलं आणि त्याच्यासमोर खाली बसले. मुलगी मैत्रिणीकडून आली, पाणी प्यायला आत डोकावली.

“आई, व्हाय आर यू सिटिंग इन द फ्रिज?”

“गरम होतंय म्हणून.”

“देन कम आउट ना. बाहेर एसी आहे.”

तिने ते सहज म्हटलं आणि पाण्याचा ग्लास घेऊन गेली. मी तिथेच बसून विचार केला. पोरगी बरोबर बोलत होती. एसी बाहेर आहे तर मी आत का?

त्या शुक्रवारी गणपतीच्या कमिटीची बैठक आमच्याकडे होती. बैठक आणि मग जेवण, कंत्राटदार अर्थातच होता. ते सगळे सोफ्यावर टेकले आणि मंडपाची चर्चा सुरू झाली तेव्हा मी स्वयंपाकघराचं ते स्प्रिंगवालं दार ढकललं आणि हॉलमधल्या जेवणाच्या टेबलाशी आले. आधी टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. मग पोळपाट-लाटणं आणलं. मग कणकेची परात. मग मंडळाच्या आनंदमेळ्यात पुरणपोळ्या भाजायला मी विजेची हॉट प्लेट घेतली होती, ती आणली, भिंतीतल्या प्लगला लावली, तवा चढवला, आणि ग्रिलखालची खुर्ची ओढून बसले. वरून गार झोत आला. मानेवर, पूर्वी यायचा तस्साच.

चर्चा हळूहळू थांबली.

“हे काय?” नवऱ्याने विचारलं.

“पोळ्या. तुम्ही सगळे जेवणार आहात ना?”

“अगं, पण इथे?”

“इथे गार आहे,” मी म्हटलं आणि पहिली पोळी तव्यावर टाकली.

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. पोळ्या होत गेल्या. त्या वाळल्या नाहीत, कडक झाल्या नाहीत, पदर सुटून टम्म फुगल्या. मंडपाला पिवळं कापड की लाल, यावर कमिटी मोठ्या नेटाने बोलत राहिली. पोळ्या संपल्यावर मी तवा उतरवला आणि फोडणीची पळी हॉट प्लेटवर ठेवली. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग, आणि मग सुक्या मिरच्या, मूठभर. हे मी ठरवून केलं. मिरच्या काळ्या होईपर्यंत पळी उतरवली नाही.

बँकवाल्याला पहिला ठसका लागला. मग सगळ्यांना. रिटर्नची जाळी सोफ्याच्या वरच होती. तिने सगळा खकाणा ओढून घेतला आणि जराशा वेळात मुलगी तिच्या खोलीतून खोकत आली, “व्हॉट इज धिस, आई,” म्हणत. देवघरातून, बेडरूममधून, पॅसेजमधून, जिथे जिथे फुली मारली होती तिथून तिथून मिरची उतरली. कंत्राटदाराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“दादा,” मी म्हटलं, “तुम्ही म्हणालात किचनला डक्ट दिला तर वास घरभर फिरेल. तुम्ही दिला नाही, म्हणून मी इथे आले. वास फिरला की नाही? आता रोज मी इथेच बसणार. मसालेसुद्धा इथेच भाजणार. नाहीतर तुम्ही आत फाटा काढा.”

“वहिनी, आता सीलिंग बंद झालंय,” तो खोकत म्हणाला. “तोडावं लागेल.”

“तोडा.”

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या घरात आल्यापासून तो प्रथमच माझ्याकडे नीट बघत होता. माझ्या मानेवरचं घामोळं पदर सरकल्यामुळे दिसत होतं. मग, डोळे पुसत का होईना, तो म्हणाला, “तोडा, दादा. आणि मोठा पंखाही बसवा.”

“इन्शाल्ला, नेक्स्ट वीक...”

“इन्शाल्ला नाही,” मी म्हटलं. “परवा.”

परवा नाही, पण त्याच आठवड्यात फोरमन आला, पॅसेजचं छत थोडं फोडलं, भिंतीला भोक पाडलं, पत्र्याचा एक हातभर फाटा काढला आणि माझ्या ओट्याच्या वर छताशी ग्रिल बसवलं. दुपारच्या जेवणाच्या आत काम संपलं. एवढंसंच काम होतं ते! मला तर त्यानेच नवी तिडीक आली. ज्याच्यासाठी मी एक उन्हाळा भाजून निघाले ते अर्ध्या दिवसाचं काम होतं. दिवाळीला पाहुणे आले तेव्हा नवरा त्यांना स्वयंपाकघर दाखवत होता, “आम्ही किचनलाही डक्ट दिलाय, लोक देत नाहीत.” आणि आपला माणूस पलीकडून म्हणत होता, “वहिनींसाठी स्पेशल केलं.” मी हातातला झारा खाली ठेवून बाहेर गेले नाही, हा माझा संयम.

पुढे काही वर्षांनी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आम्ही छोटी फॅक्टरी टाकली. तिथे भट्टीच्या खोलीत गार हवा आणि पंखे आधी, यंत्रं नंतर, कारण तपासायला माणूस येतो. नवऱ्याने एका शब्दाने तक्रार केली नाही. सरकारी माणूस विचारतो तेव्हा भिंत फोडणं जमतं. घरची बाई विचारते तेव्हा ड्रॉइंग फायनल झालेलं असतं.

पण मला सांगायचंय ते त्या ग्रिलच्या दुसऱ्या सकाळचं. मी कणीक मळत होते. सासूबाई आत आल्या. एरवी त्या भाजी निवडायला हॉलमध्ये घेऊन बसायच्या, त्या दिवशी गवारीची परडी घेऊन ओट्यापाशीच खुर्ची टाकून बसल्या. मला वाटलं, काही बोलणार, मी उत्तर तयार ठेवलं. त्या बराच वेळ शेंगा मोडत राहिल्या. भाजी निवडून झाली तरी उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दे, आज आमटी मी करते.”

मी बाजूला झाले. त्या आमच्याकडे आल्यापासून शेगडीसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या आणि मी कधी म्हटलंही नव्हतं. त्यांनी सावकाश आमटी केली, चाखली, चिंच घातली, पुन्हा चाखली. मग भातही टाकला. मग मला म्हणाल्या, कोशिंबीर राहू दे, मीच करते. ग्रिलचा वारा त्यांच्या पांढऱ्या केसांवर येत होता.

“तुझे मामंजी मला नेहमी म्हणायचे,” त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, “हिला स्वयंपाकाचा आळस. माझ्या सासूबाईही म्हणायच्या. मीही तेच समजत आले. सकाळी उठलं की स्वयंपाकघरात पाय टाकवायचा नाही मला. वाटायचं, मी कसली बाई, घरच्यांना रांधून घालायचा कंटाळा करते.” त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. “मला स्वयंपाकाचा कंटाळा नव्हता गं. मला उकडायचं.”

मी कणकेवर ओला फडका टाकला. त्यांनी माझ्याविरुद्ध मत दिलं होतं त्याचा राग त्या क्षणी गेला आणि दुसरा, त्याहून मोठा राग तिथे येऊन बसला. तो कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही. आपण आळशी नव्हतो, हे एका बाईला उभा जन्म गेल्यावर कळलं, आणि तेही हातभर पत्र्यामुळे, जो मला भांडून घ्यावा लागला.